लाल चौकटीतील इशारा: बनावट गोळ्या, कायदा आणि लोकजागृती

बाजारातील बहुतेक वस्तूंची पारख गिऱ्हाईक डोळ्यांनी, हातांनी किंवा जिभेने करू शकते. औषधाच्या गोळीची मात्र अशी पारख करता येत नाही, कारण खरी गोळी आणि तिची हुबेहूब नक्कल यांच्यातला फरक प्रयोगशाळेतच उघड होतो आणि तोवर गोळी पोटात गेलेली असते. म्हणून गोळीच्या व्यवहारात गिऱ्हाइकाच्या वतीने पारख करण्याचे काम कायद्याने आपल्याकडे घेतले. उत्पादकाला परवाना, दुकानात नोंदणीकृत औषधनिर्माता, वेष्टनावर ठरावीक मजकूर आणि अधूनमधून नमुने उचलणारा औषध निरीक्षक अशी ही साखळी आहे. मात्र ज्याच्यासाठी ही साखळी उभारली, त्या गिऱ्हाइकाला तिची माहिती करून देण्याचे काम कायद्याने किती केले, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. आणि वेदनाशामक ओपिऑइड गोळ्यांच्या बाबतीत तोच सर्वांत महत्त्वाचा ठरतो.

ओपिऑइड म्हणजे अफूच्या बोंडातील चिकापासून मिळणारी किंवा त्याच धर्तीवर प्रयोगशाळेत तयार केलेली द्रव्ये. मॉर्फिन व कोडीन ही त्यांतील जुनी नावे, तर ट्रॅमाडॉल, टॅपेंटाडॉल आणि फेंटॅनिल ही पूर्णतः कृत्रिम. मेंदू व मज्जारज्जू यांमधील विशिष्ट ग्राहींना चिकटून ही द्रव्ये वेदनेची जाणीव बोथट करतात, पण त्याच वेळी श्वासोच्छ्वासाची लय सांभाळणाऱ्या केंद्रालाही मंद करतात. मात्रा वाढली की माणूस गुंगीत जातो, श्वास विरळ होत जातो आणि अखेरीस थांबतो. कर्करोगाच्या रुग्णाला, मोठ्या शस्त्रक्रियेनंतर किंवा अपघातातील जखमीला या औषधांखेरीज तरणोपाय नसतो. त्यामुळे त्यांच्यावर सरसकट बंदी घालणे हा उपाय होऊच शकत नाही, आणि नियमनाची सगळी अडचण इथून सुरू होते.

बनावट ओपिऑइड गोळ्यांचे संकट सर्वांत उग्र रूपात दिसले ते अमेरिकेत. तेथे ऑक्सिकोडोन या वेदनाशामकाची निळसर गोळी वर्षानुवर्षे डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळत होती. चिठ्ठ्यांवर निर्बंध आल्यावर तिच्या रंगाची, आकाराची आणि तिच्यावरील अक्षर-आकड्यांच्या ठशासकट हुबेहूब गोळी चोरट्या बाजारात येऊ लागली. तिच्यात ऑक्सिकोडोनऐवजी फेंटॅनिल असे, जे मॉर्फिनच्या सुमारे शंभर पट प्रभावी असते. मिठाच्या दहा-पंधरा कणांएवढे, म्हणजे साधारण दोन मिलिग्रॅम फेंटॅनिल जीवघेणे ठरू शकते. चोरून गोळ्या पाडणाऱ्या यंत्रावर ही मात्रा सारखी मिसळली जाईल याची कसलीही शाश्वती नसल्यामुळे एकाच घाण्यातील एक गोळी निष्प्रभ, तर दुसरी प्राणघातक निघते. विख्यात संगीतकार प्रिन्स यांचा एप्रिल २०१६ मध्ये झालेला मृत्यू अशाच गोळीने झाला. नेहमीचे वेदनाशामक समजून त्यांनी जी गोळी घेतली, ती फेंटॅनिल भरलेली नक्कल होती, असा निष्कर्ष तपासयंत्रणेने दोन वर्षांनी जाहीर केला. २०२३ मध्ये अमेरिकेच्या अमली पदार्थविरोधी यंत्रणेने तपासलेल्या फेंटॅनिलयुक्त बनावट गोळ्यांपैकी दर दहांत सात गोळ्यांत संभाव्य प्राणघातक मात्रा आढळली.

या संकटाला तेथील विधिमंडळांनी दिलेल्या उत्तराचा एक भाग नेहमीचाच होता: शिक्षा वाढवणे. दुसरा भाग अधिक लक्षणीय आहे, कारण त्यात जनजागृती हेच कायद्याचे कलम झाले. टेक्सास राज्याने २०२३ मध्ये कायदा करून सहावी ते बारावीच्या विद्यार्थ्यांना दरवर्षी फेंटॅनिलविषयी शिकवणे शाळांवर बंधनकारक केले. कॅलिफोर्नियाने त्याच वर्षी केलेल्या कायद्यानुसार चिठ्ठीशिवाय घेतलेल्या कृत्रिम अमली द्रव्यांचे धोके आणि ती बनावट गोळ्यांत असण्याची शक्यता शाळांनी पालकांना दरवर्षी कळवायची आहे. यांतील काही कायदे मरण पावलेल्या मुलांच्या नावांनी ओळखले जातात आणि त्यांमागे त्यांच्या आईवडिलांनी घातलेले विधिमंडळाचे खेटे आहेत. श्वास थांबू लागलेल्या माणसाला परत आणणारे नॅलोक्झोन हे उतारा-औषध नाकात फवारण्याच्या रूपात चिठ्ठीशिवाय विकण्यास मार्च २०२३ मध्ये तेथे मान्यता मिळाली. अतिमात्रेने होणारे मृत्यू २०२१ ते २०२३ या काळात दरवर्षी एक लाखाहून अधिक होते, ते २०२४ मध्ये ८० हजारांच्या आसपास उतरले. या घसरणीचे श्रेय एकट्या जागृतीला देता येणार नाही. पण कोणता इशारा द्यायचा, कोणी द्यायचा आणि केव्हा द्यायचा हे तेथे कायद्याने ठरवून दिले, एवढे मान्य करावे लागते.

भारतात प्रश्नाची ठेवणच वेगळी आहे. येथे नकली गोळीची भीती प्रामुख्याने तिच्यात विष असण्याची नसून औषध नसण्याची राहिली आहे. नागपूर जिल्ह्यातील शासकीय रुग्णालयांना पुरवलेल्या प्रतिजैविकाच्या गोळ्यांत औषधाच्या जागी टाल्कम पावडर व स्टार्च असल्याचे प्रकरण २०२४ मध्ये गाजले, ते याच जातीचे. विष पोटात जाण्याचे उदाहरणही येथे आहेच; याहून जुनी आणि अधिक भीषण अशी ती घटना मुंबईच्या जे. जे. रुग्णालयातील. १९८६ च्या आरंभी औद्योगिक वापरातील विषारी द्रव्य मिसळलेल्या ग्लिसरीनमुळे तेथे १४ रुग्ण दगावले. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या आयोगाने केलेल्या चौकशीत खरेदीपासून तपासणीपर्यंतची साखळी कशी किडली होती हे उघड झाले आणि महाराष्ट्राच्या औषध प्रशासनाच्या इतिहासात हा अहवाल मैलाचा दगड ठरला. पुढे डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २००३ मध्ये बनावट औषधांविषयी अहवाल दिला आणि कठोर शिक्षेची शिफारस केली. त्याच दिशेने २००८ मध्ये औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० यात दुरुस्ती झाली.

या कायद्याच्या कलम १७-ब मध्ये बनावट औषधाची जी व्याख्या आहे, ती लोकांच्या समजुतीपेक्षा बरीच व्यापक आहे. दुसऱ्या औषधाच्या नावाने बनवलेले, दुसऱ्या औषधासारखे दिसून फसगत करील असे, अस्तित्वात नसलेल्या उत्पादकाचे नाव छापलेले, मूळ द्रव्याऐवजी पूर्णतः वा अंशतः दुसरेच द्रव्य भरलेले, किंवा जो उत्पादक खरा नाही त्याचे म्हणून विकलेले औषध हे सारे बनावट ठरते. ऑक्सिकोडोनच्या नावाखाली फेंटॅनिल भरलेली अमेरिकी गोळी भारतात सापडली, तर तीही याच कलमात बसेल. बनावट औषधाने मृत्यू किंवा गंभीर इजा झाल्यास किमान दहा वर्षे ते जन्मठेप अशी शिक्षा असून दंड किमान दहा लाख रुपये किंवा जप्त मालाच्या किमतीच्या तिप्पट, यांपैकी जो जास्त असेल तो आकारला जातो. अप्रमाणित औषध हा याहून वेगळा प्रकार. त्यात उत्पादक खरा असतो, परवाना खरा असतो, पण गोळीतील औषधाचे प्रमाण किंवा ती विरघळण्याचा वेग मानकात बसत नाही. वर्तमानपत्रे दोन्हींना सरसकट ‘बोगस औषध’ म्हणतात आणि त्यामुळे वाचकाच्या मनात धोक्याचे चित्र पुसट होते.

ओपिऑइडच्या बाबतीत भारताची खरी दुखरी नस या दोन्ही प्रकारांबाहेर आहे: अस्सल गोळी आडवाटेने विकली जाणे. अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केंद्र सरकारसाठी केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशातील १० ते ७५ वर्षे वयोगटातील सुमारे दोन टक्के लोक ओपिऑइडचे सेवन करतात. औषधी स्वरूपातील ओपिऑइडचे प्रमाण ०.९६ टक्के, म्हणजे हेरॉइनच्या १.१४ टक्क्यांपेक्षा फार कमी नव्हे. ज्या मोजक्या राज्यांत घातक सेवन करणाऱ्यांची संख्या एकवटली आहे, त्यांत महाराष्ट्राचे नाव आहे. ट्रॅमाडॉल हे आधी केवळ चिठ्ठीवर मिळणाऱ्या औषधांत मोडत होते. त्याचा गैरवापर वाढल्यावर एप्रिल २०१८ मध्ये केंद्राने ते अमली औषधी द्रव्ये व मनोव्यापारावर परिणाम करणारे पदार्थ कायदा, १९८५ याच्या कक्षेत आणले. हाच कायदा बोलीत ‘एनडीपीएस’ म्हणून ओळखला जातो. एक दार बंद झाले की व्यापार दुसरे शोधतो, हे टॅपेंटाडॉलच्या बाबतीत लगेच दिसून आले. पालघर जिल्ह्यात कारखाना असलेली एक औषध कंपनी टॅपेंटाडॉल आणि कॅरिसोप्रोडॉल हे स्नायू सैल करणारे औषध यांची एकत्र गोळी घाना, नायजेरिया, आयव्हरी कोस्ट या देशांत पाठवत असल्याचे बीबीसीने फेब्रुवारी २०२५ मध्ये उघडकीस आणले. त्यानंतर केंद्रीय व राज्य औषध प्रशासनाने संयुक्त छापा टाकून उत्पादन थांबवले आणि केंद्राने या मिश्रणाच्या निर्यातीची व उत्पादनाची परवानगी मागे घेतली. पश्चिम आफ्रिकेतील रस्त्यांवर तरुणांना गुंगवणारी गोळी महाराष्ट्रात तयार होत होती, आणि महाराष्ट्रातील सामान्य वाचकाला त्या गोळीचे नाव परदेशी वृत्तसंस्थेमुळे कळले, ही बाब जागृतीच्या अवस्थेविषयी पुरेशी बोलकी आहे.

सोलापूरचा अनुभव या पार्श्वभूमीवर पाहावा लागतो. एप्रिल २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी शहरालगतच्या चिंचोळी औद्योगिक वसाहतीतील कारखान्यातून टनावारी एफेड्रिन जप्त केले, तेव्हा सोलापूरचे नाव देशभरच्या मथळ्यांत आले. एफेड्रिन हे मेथॅम्फेटामिन या उत्तेजक अमली द्रव्याचे पूर्वगामी रसायन आहे आणि कायद्याच्या भाषेत तो ‘नियंत्रित पदार्थ’ आहे, म्हणजे त्याची निर्मिती व विक्री नोंदींच्या चौकटीतच करता येते. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याच वसाहतीत मुंबई पोलिसांनी मेफेड्रोनचा कारखाना पकडला. फेब्रुवारी २०२४ मध्ये सोलापूर-पुणे महामार्गावरील कुरकुंभ येथे पुणे पोलिसांची मोठी कारवाई झाली, आणि २०२५ च्या आरंभी सोलापूर-तुळजापूर रस्त्यावरील तामलवाडीजवळ झालेल्या अटकेतून तुळजापूरचे मेफेड्रोन-विक्रीचे प्रकरण बाहेर आले. मेफेड्रोन किंवा ‘एमडी’ ही पांढरी भुकटी उत्तेजक वर्गातील असून तिचा ओपिऑइडशी रासायनिक संबंध नाही. तरीही या घटनांनी सोलापूरकरांच्या मनात अमली पदार्थाची जी प्रतिमा घट्ट केली ती भुकटीची, कारखान्याची आणि कोटींच्या आकड्यांची. गल्लीतल्या मेडिकल दुकानात मिळणारी, पट्टीतून कापून दिलेली, बिलाविना घरी आलेली गोळी या प्रतिमेत बसतच नाही. मालेगावात ‘कुत्ता गोळी’ आणि छत्रपती संभाजीनगरात ‘बटन’ या नावांनी विकल्या जाणाऱ्या झोपेच्या व चिंताशामक गोळ्या निदान पोलीस बातम्यांतून ओळखीच्या झाल्या आहेत. त्याही ओपिऑइड नव्हेत, पण ओपिऑइडसोबत घेतल्यास श्वास मंदावण्याचा धोका त्या कित्येक पटींनी वाढवतात, ही माहिती त्या बातम्यांत नसते.

महाराष्ट्राच्या विधिमंडळाने २०२५ च्या पावसाळी अधिवेशनात अमली पदार्थांचे गुन्हे ‘मकोका’ या संघटित गुन्हेगारीविरोधी कायद्याच्या कक्षेत आणणारी दुरुस्ती मंजूर केली. कारखाने आणि टोळ्यांना ती लागू पडेल. गिऱ्हाइकाच्या ज्ञानात तिने काडीची भर पडत नाही, आणि तशी अपेक्षाही कोणी केलेली दिसत नाही. वास्तविक जागृतीची तरतूद मूळ कायद्यातच आहे. एनडीपीएस कायद्याच्या कलम ४ नुसार केंद्राने योजायच्या उपायांत उपचार व पुनर्वसनाबरोबर शिक्षणही आहे. १९८९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम ७-अ नुसार स्थापन झालेला राष्ट्रीय निधी लोकशिक्षणासाठीही खर्च करता येतो. १५ ऑगस्ट २०२० रोजी २७२ जिल्ह्यांत सुरू झालेले नशामुक्त भारत अभियान, व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि अमली पदार्थांविषयी माहिती देण्याघेण्यासाठी जुलै २०२४ पासून १९३३ हे दूरध्वनी क्रमांक, ही त्याच वाटेवरची पावले. शाळांत शपथ होते, २६ जूनला, अमली पदार्थविरोधी दिनी, प्रभातफेरी निघते आणि फलकावर सिगारेट, दारूची बाटली, सुई आणि कवटी यांची चित्रे असतात. गोळीचे चित्र क्वचितच दिसते. एनडीपीएस कायद्याचेच कलम ६४-अ असे सांगते की, अल्प प्रमाणातील किंवा केवळ सेवनाच्या गुन्ह्यात अडकलेल्या व्यसनी व्यक्तीने स्वेच्छेने मान्यताप्राप्त संस्थेत उपचार घेतले तर तिला खटल्यापासून संरक्षण मिळू शकते. मुलाला दवाखान्यात नेले तर पोलीस केस होईल या धास्तीने आजार लपवणाऱ्या घराला सर्वांत आधी कळायला हवे ते हे कलम; पण जागृतीच्या साहित्यात ते शोधून सापडणे कठीण.

ट्रॅमाडॉलच्या गोळ्यांची पट्टी हातात घेऊन पाहिली तर कायदा गिऱ्हाइकाशी कसा बोलतो हे ध्यानात येते. चंदेरी कागदावर लाल रेषांची चौकट आणि तीत इंग्रजीतील बारीक मजकूर असतो: वैद्यकीय सल्ल्याशिवाय हे औषध घेणे धोक्याचे आहे, नोंदणीकृत डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय किरकोळ विक्री करू नये. मार्च २०१४ पासून अंमलात आलेल्या ‘एच-१’ या अनुसूचीतील औषधांसाठी ही चौकट ठरवून दिलेली आहे. या औषधांची विक्री करताना दुकानदाराने रुग्णाचे व डॉक्टरचे नाव, औषध आणि त्याचे प्रमाण वेगळ्या वहीत नोंदवून ती वही तीन वर्षे जपायची असते. पट्टीतून चार गोळ्या कापून दिल्या की बॅच क्रमांक आणि मुदतीची तारीख बहुधा दुकानातच उरलेल्या तुकड्यावर राहते आणि चौकटही अर्धी कापली जाते. ऑगस्ट २०२३ पासून सर्वाधिक खपाच्या ३०० ब्रँडच्या वेष्टनावर क्यूआर कोड बंधनकारक झाला. मोबाइलने तो वाचला की औषधाचे नाव, उत्पादक, बॅच, तारखा आणि परवाना क्रमांक दिसतो. उपाय उत्तम आहे, मात्र सुट्या चार गोळ्यांच्या तुकड्यावर तो निरुपयोगी ठरतो.

सोलापुरात मराठीबरोबरच तेलुगू, कन्नड आणि उर्दूही घराघरांत बोलली जाते. यंत्रमागावर उभे राहून किंवा विड्या वळण्यासाठी तासन्‌तास मान खाली घालून कंबर-पाठ धरलेल्या कामगारांना वेदनाशामक गोळी नवी नाही. या शहरात इंग्रजी बारीक अक्षरांतला इशारा छापणे म्हणजे कायद्याने आपले कर्तव्य कागदावर उरकणे होय. आणि याच शहरात त्याच्या नेमके उलट उदाहरण रोज हजारोंच्या हातांखालून जाते. विडीच्या बंडलावर आजारी अवयवाचे रंगीत छायाचित्र आणि इशारा असतो. २००३ च्या तंबाखूविरोधी कायद्यानुसार २००९ मध्ये चित्रमय इशारे सुरू झाले आणि १ एप्रिल २०१६ पासून ते वेष्टनाच्या मुख्य भागाच्या ८५ टक्के जागेवर छापावे लागतात. उत्पादकांनी न्यायालयीन लढाई लढली. कर्नाटक उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये हा नियम रद्द केला आणि पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली. सोलापूरच्या विडी उद्योगाला हा इशारा खुपला, कामगारांच्या पोटावर पाय येईल अशी भीती व्यक्त झाली, आणि ती भीती अगदी निराधार होती असे म्हणता येणार नाही. तरी २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू पाहणीत विडी ओढणाऱ्यांपैकी सुमारे ५४ टक्के लोकांनी बंडलावरील इशाऱ्यामुळे विडी सोडण्याचा विचार केल्याचे सांगितले. अक्षर न वाचता येणाऱ्यालाही कायदा आपले म्हणणे सांगू शकतो, याचा पुरावा सोलापूरजवळच्या कुंभारीतील गोदूताई परुळेकर विडी कामगार वसाहतीतील घराघरांत तयार होणाऱ्या मालाच्या वेष्टनावरच आहे.

औषधाला तंबाखूचा न्याय जसाच्या तसा लावता येणार नाही. ट्रॅमाडॉलच्या पट्टीवर भयचित्र छापले तर कर्करोगाच्या रुग्णाचे घरचे लोक त्याला हक्काची मात्राही देणार नाहीत, आणि वेदनामुक्तीच्या औषधांबाबत भारतात अगोदरच अति-धास्तीची परंपरा आहे. १९८५ च्या कायद्यातील परवान्यांच्या जंजाळामुळे रुग्णालयांनी मॉर्फिन ठेवणेच सोडून दिले होते, आणि ते सुलभ करण्यासाठी २०१४ मध्ये संसदेला दुरुस्ती करावी लागली. म्हणून इशारा हवा तो भीतीचा नव्हे, कृतीचा: गोळी अख्ख्या पट्टीत व बिलासह घ्यावी, दुसऱ्याची उरलेली गोळी घेऊ नये, दारू किंवा झोपेच्या गोळीबरोबर घेऊ नये, आणि माणूस हलवूनही जागा होत नसेल, घोरणे खरखरीत व श्वास विरळ झाला असेल, ओठ निळसर पडले असतील तर त्याला ‘झोपू द्या’ न म्हणता कुशीवर वळवून तडक सिव्हिलला न्यावे. नॅलोक्झोन देशाच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे, परंतु ते इंजेक्शनच्या रूपात रुग्णालयात असते, कुटुंबाच्या हाती नसते. त्यामुळे येथे वेळेवर ओळखणे हाच उपचाराचा पहिला टप्पा ठरतो.

औषधे हा विषय राज्यघटनेच्या समवर्ती सूचीत आहे, म्हणजे केंद्र व राज्य दोघेही त्यावर कायदा करू शकतात. वेष्टनाचे नियम केंद्राच्या हाती असले तरी दुकानाच्या दर्शनी भागात मराठी, तेलुगू, कन्नड व उर्दू फलक लावणे, शालेय आरोग्यशिक्षणात गोळ्यांचा पाठ घालणे, आषाढीला पंढरपूरच्या वाटेवर आरोग्य विभाग जी शिबिरे भरवतो तेथे हा विषय आणणे यांसाठी दिल्लीकडे पाहण्याची गरज नाही. भारुडाने याहून अवघड गोष्टी लोकांच्या गळी उतरवल्या आहेत.

बनावट औषधाची खबर देणाऱ्याला मालाच्या किमतीच्या वीस टक्क्यांपर्यंत, जास्तीत जास्त २५ लाख रुपये बक्षीस देण्याची योजना केंद्राने २००९ मध्ये आखली. त्याहून जुनी आणि साध्या गिऱ्हाइकाच्या अधिक कामाची तरतूद १९४० च्या कायद्यातील कलम २६ मध्ये आहे. विकत घेतलेल्या औषधाविषयी शंका असल्यास कोणतीही व्यक्ती किंवा मान्यताप्राप्त ग्राहक संघटना ठरावीक शुल्क भरून, विहित नमुन्यात अर्ज करून, ते औषध शासकीय विश्लेषकाकडे तपासायला देऊ शकते आणि त्याचा सही केलेला अहवाल मिळवू शकते. अट एकच, औषध तिने स्वतः विकत घेतलेले असले पाहिजे. आणि ते सिद्ध करायला दुकानदाराचे बिल लागते.